परतीचें गांठोडें

प्रवासाहून परतलेल्या मनुष्याचें गांठोडें उघडून पाहिलें म्हणजे तो कोठें जाऊन आला याबरोबरच तो कसा हिंडला हेंही कळून येतें. पूर्वीं काशीहून परतणारा यात्रेकरू गंगोदकाची झारी आणी, पंढरीहून येणारा बुक्का आणि चुरमुरे आणी. आणि तो प्रसाद आळींतील घरोघर पोंचल्यावांचून यात्रा पुरी झाली असें कोणी मानीत नसे. हल्लीं यात्रेच्या जोडीस सहल आली आहे, आणि झारीच्या शेजारीं रंगीत कागदांत गुंडाळलेल्या नाना वस्तु आल्या आहेत. त्यांत वाईट असें आम्हांस कांहींच दिसत नाहीं. देशाटनानें येणारें शहाणपण अशा वस्तूंच्या द्वारें घरीं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस व मुलांसही थोडेंबहुत मिळतें. प्रश्न इतकाच कीं, या वस्तूंपैकीं किती त्या गांवच्या हातांनीं घडविलेल्या असतात, आणि किती भलत्याच शहरांतील यंत्रांतून निघून आपल्याआधींच तेथें जाऊन बसलेल्या असतात?

हा विषय आज घेण्यास एक निमित्त झालें. सांगलीकडील एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्र लिहून दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या चिरंजीवांनीं उभयतांस जगन्नाथपुरीच्या यात्रेसाठीं भुवनेश्वरपर्यंतचीं विमानाचीं तिकिटें काढून दिलीं आहेत. यजमानांचे गुडघे दुखतात आणि विमानाचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हां विमानतळावर वृद्धांचा निभाव कसा लागतो, हा पहिला प्रश्न. घरांत दोन जावा, तीन सुना आणि सात नातवंडें. या सर्वांसाठीं तिकडून काय आणावें, हा दुसरा. आम्हीं हीच यात्रा तीन वर्षांपूर्वीं सहकुटुंब केली असल्यामुळें दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें अनुभवानें देतां येतील असें वाटतें.

प्रथम सोयींविषयीं. ज्यांस फार चालवत नाहीं त्यांच्यासाठीं विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते. ती तिकीट काढतांनाच मागावी. आयत्या वेळीं मागितल्यास मिळतेच असें नाहीं. खुर्ची ढकलणारा सेवक तपासणीच्या रांगेंतून थेट विमानापर्यंत नेऊन पोंचवितो, आणि उतरल्यावर तसाच दुसरा सेवक सामान मिळण्याच्या पट्ट्यापर्यंत आणतो. परतीच्या वेळीं एका विमानतळावर आमच्या कुटुंबासाठीं मागितलेली खुर्ची पाऊण तासपर्यंत आलीच नाहीं. मागणीची नोंद तिकिटावर होती. ती दाखवून आम्हीं तेथील अधिकाऱ्यांस शांतपणें तीनदां विचारलें, तेव्हां ती आली. तात्पर्य असें कीं, नोंदीचा कागद हाताशीं ठेवावा, वेळेच्या आधीं दोन तास पोंचावें, आणि मागण्यांत संकोच धरूं नये. आमच्या पिढीस दुसऱ्याकडून सेवा घेणें जड जातें. ‘मी चालेन हो’ असें म्हणत म्हणत बायामाणसें अर्धा कोस चालतात, आणि मग यात्रेचे चार दिवस पाय धरून बसतात.

दुसरी गोष्ट पाण्याची व फराळाची. बाटली रिकामी न्यावी व तपासणीपलीकडे नळावर भरून घ्यावी. देशांतल्या देशांत प्रवास असेल तर दशम्या, लाडू, चिवडा यांस कोणी हरकत घेत नाहीं. तेलांत बुडालेल्या लोणच्याची बरणी मात्र हातच्या पिशवींत ठेवूं नये, ती तपासणींत अडते. विमानतळावरील चहाच्या किमतीविषयीं लोकांची तक्रार जुनी आहे. ती मनावर घेऊन डिसेंबर २०२४ मध्यें कोलकात्याच्या विमानतळावर १० रुपयांत चहा देणारें उपाहारगृह सरकारनें उघडलें, ही गोष्ट स्तुत्य होय. चेहरा ओळखून आंत सोडणारी ‘डिजियात्रा’ नांवाची व्यवस्था डिसेंबर २०२२ पासून सुरू झाली आहे. ती ऐच्छिक आहे. ज्यांस मोबाईल हाताळणें जमत नाहीं त्यांनीं ओळखपत्र व तिकीट दाखवून नेहमींच्या दारानें खुशाल जावें. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविलेला असेल त्यांनीं तें तपासणीपूर्वींच सांगावें. एवढें सांभाळलें म्हणजे विमानाचा प्रवास रेल्वेच्या प्रवासाहून वृद्धांस सोपाच वाटेल.

विमानतळावर आणखी एक सोय असते, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करून घेतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आलेलें लहानसें विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविलें, तेव्हां विमानतळावर चित्रें मांडावीं ही कल्पना कोणाच्या स्वप्नींही नसेल. मुंबईचें २०१४ सालीं उघडलेलें दुसरें टर्मिनल पाहावें तर तें एक संग्रहालयच होऊन बसलें आहे. राजीव सेठी यांच्या देखरेखीखालीं तेथें सुमारें तीन किलोमीटर लांबीची कलाभिंत उभारण्यांत आली व देशाच्या कानाकोपऱ्यांतील जुन्या-नव्या कलाकृति तिच्यावर मांडल्या गेल्या. दिल्लीच्या २०१० सालीं उघडलेल्या तिसऱ्या टर्मिनलांत नृत्यांतील हस्तमुद्रांचीं प्रचंड शिल्पें परदेशांतून येणाऱ्यांचें स्वागत करतात. बेंगळुरूचें दुसरें टर्मिनल नोव्हेंबर २०२२ मध्यें उघडलें. तेथें आंत सर्वत्र बांबूचें काम व टांगत्या बागा आहेत. विमानास अवकाश असला म्हणजे बहुतेक मंडळी मोबाईलवर मान वांकवून बसतात. तसें न करितां नातवंडाचें बोट धरून या भिंतींपुढून एक फेरी मारावी. खरें काम एकदां नजरेखालून गेलें म्हणजे पुढें बाजारांत नजर फसत नाहीं.

बाजारांत नजर फसविणाऱ्या वस्तूंस तोटा नाहीं. परतीच्या वाटेवर एका विमानतळावरील दुकानांत, स्थळ सांगण्याचें कारण नाहीं, आम्हीं जगन्नाथाचा एक सुरेख पट चौकटींत बसविलेला पाहिला. खालीं ‘हस्तकला’ अशी चिठ्ठी व किंमत २,२०० रुपये. आमच्या धाकट्या बंधूंची नऊ वर्षांची नात बरोबर होती. तिनें मोबाईलच्या कॅमेऱ्यानें चित्र मोठें करून पाहिलें आणि भर दुकानांत विचारलें, ‘आजोबा, देवाच्या गालावर एवढे ठिपके का? पुरळ उठलंय का त्याला?’ दुकानदार दुसरीकडे पाहूं लागला. छापील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचें बनलेलें असतें. हातानें ओढलेल्या रेषेंत ठिपके नसतात, तेथें कुंचल्याचा दाब कमीअधिक झालेला दिसतो. दोन डोळे, दोन कमळें, दोन मोर हे हातच्या चित्रांत कधींही तंतोतंत सारखे नसतात. चित्राची पाठ पाहावी. खऱ्या पटाच्या मागें कापडाचा पोत व खळीचा कडकपणा हातास लागतो. पाठ दाखविण्यास जो दुकानदार कांकूं करितो, त्याच्याकडून कांहीं न घेतलेलेंच बरें.

खरा पट कसा होतो, तें आम्हीं आदल्याच दिवशीं पाहून आलों होतों. पुरीपासून सुमारें १४ किलोमीटरांवर, भार्गवी नदीच्या कांठीं, रघुराजपूर नांवाचें गांव आहे. ओडिसी नृत्याचे विख्यात गुरु केलुचरण महापात्र यांचा जन्म १९२६ सालीं याच गांवीं झाला. समोरासमोर घरांच्या रांगा, मधोमध लहान लहान देवळें, भिंतींवर चित्रें, आणि बहुतेक प्रत्येक ओटीवर कोणी ना कोणी कुंचला घेऊन बसलेला. पटासाठीं जुनें धुवट सुती कापड घेऊन त्याचे पदर चिंचोक्याच्या खळीनें एकमेकांस चिकटवितात, त्यावर खडूची पूड व खळ यांचा लेप देतात, आणि तें वाळल्यावर आधीं खरबरीत व मग गुळगुळीत दगडानें घांसून चामड्यासारखें तुकतुकीत करितात. पांढरा रंग शंखाचा, काळा दिव्याच्या काजळीचा, तांबडा हिंगुळाचा आणि पिवळा हरताळाचा. आपल्याकडे पोथी लिहिणारे शास्त्री चुकलेलें अक्षर ज्या हरताळानें झांकीत, व ज्यावरून ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत आला, तोच हा हरताळ. शेवटीं चित्रावर लाखेचा हात फिरवितात. त्यामुळें झिलई येते व ओलीपासून बचाव होतो.

या पटास केवळ शोभेची वस्तु समजणें योग्य नव्हे. ज्येष्ठी पौर्णिमेस जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा यांस महास्नान होतें. त्या स्नानानें देव ज्वरानें पडतात अशी तेथील भाविकांची समजूत आहे, आणि पुढील पंधरवडाभर मूर्तींचें दर्शन बंद असतें. या काळास ‘अणसर’ म्हणतात. त्या दिवसांत मूर्तींच्या जागीं चित्रकारांनीं काढलेले पट पूजिले जातात. म्हणजे देव आजारी असतां देवाचें काम हे चित्रकार चालवितात! अशा या गांवावर ३ मे २०१९ रोजीं फणी नांवाचें चक्रीवादळ कोसळलें. घरांचीं छपरें उडालीं आणि विक्रीसाठीं तयार करून ठेवलेलीं चित्रें भिजून नासलीं. त्यानंतर हीं माणसें पुन्हां त्याच ओटीवर बसून कापडास खळ लावूं लागलीं, ही गोष्ट किंमत विचारतांना ध्यानांत असावी.

किमतीचीच एक हकीकत सांगतों. एका ओटीवर साठीच्या घरांतील एक चित्रकार दशावतारांचा हातभर पट संपवीत बसले होते. किंमत त्यांनीं ४,५०० रुपये सांगितली. आमच्याबरोबर गाडींत दुसरे एक प्रवासी गृहस्थ होते; त्यांनीं रिवाजाप्रमाणें तो दोन हजारांस मागितला. चित्रकार रागावले नाहींत. त्यांनीं पेटींतून त्याच चित्राची एक छापील प्रत काढून पुढें ठेवली आणि हिंदींत म्हणाले, ‘दोन हजार तरी कशाला? ही दीडशे रुपयांत न्या. देव तेच आहेत.’ गृहस्थ हंसले, आणि मग त्यांनीं सरळपणें हिशेब विचारला. कापड तयार करण्यास चार दिवस, रंग वाटण्यास दोन दिवस, रेखाटण्यास व भरण्यास बारा दिवस, एकंदर अठरा. म्हणजे दिवसास २५० रुपये पडले, आणि त्यांतूनच हिंगुळ, हरताळ व लाख यांचा खर्च भागवावयाचा. त्यांचा थोरला मुलगा सुरतेस कापडाच्या मागावर कामास गेला आहे. त्याची मिळकत बापाच्या दुपटीहून अधिक. धाकटा पंधरा वर्षांचा. तो शेजारींच बसून कमळाच्या पाकळ्या भरीत होता. त्याच्याकडे पाहून चित्रकार एवढेंच बोलले, ‘हा राहतो कीं जातो, तें गिऱ्हाईक ठरवितें.’

तो पट आम्हीं सांगितल्या किमतीस घेतला. त्या गृहस्थांनींही रंगविलेल्या सहा सुपाऱ्या घासाघीस न करितां घेतल्या. तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम ठरला आहे, आणि तो गणिताचा असल्यामुळें मुलांसही चटकन् समजतो. हातच्या वस्तूची किंमत ऐकली म्हणजे तीस दिवस किती लागले तें विचारावें आणि भागाकार करावा. आलेला आंकडा आपल्या घरीं भिंती रंगविण्यास येणाऱ्या मनुष्याच्या रोजापेक्षां कमी असेल, तर घासाघीस करण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. मंडईंत चार दुकानें फिरून भाव पाडणें हा आपल्या गृहिणींचा गुण आहे, तो मंडईंतच शोभतो. किंमत झेपत नसेल तर नमस्कार करून लहान वस्तु घ्यावी. रघुराजपुरांत ताडपत्रावर कोरलेलीं लहान चित्रें, रंगविलेल्या सुपाऱ्या, नारळ, कागदाच्या लगद्याचे मुखवटे असें पुष्कळ कांहीं मिळतें. सात नातवंडांस सात सुपाऱ्या, प्रत्येकीवर वेगळें चित्र, याहून सुटसुटीत भेट आम्हांस तरी सुचत नाहीं.

गिऱ्हाईकाच्या दृष्टीनें कलेचें काय होऊं शकतें याचें एक उदाहरण आपल्याच एका माणसाचें आहे, आणि तें आपल्या घरांतून असावें तितकें माहीत नाहीं. बिहारांत मिथिलेच्या स्त्रिया लग्नाच्या वेळीं वधूवरांच्या खोलीच्या, म्हणजे कोहबराच्या, भिंतींवर चित्रें काढीत आल्या आहेत. १९३४ सालच्या भूकंपानंतर पडझड पाहत फिरणाऱ्या आर्चर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास तीं पडक्या भिंतींवर दिसलीं. पुढें १९६६-६७ च्या दुष्काळांत अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनीं असा विचार केला कीं, याच स्त्रियांस कागद दिला तर भिंतीवरचें चित्र विकतां येईल आणि चूल पेटेल. या कामावर त्यांनीं मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस मधुबनीकडे धाडलें. गोषांतल्या स्त्रियांकडून चित्रें मिळविणें सोपें नव्हतें. परंतु त्यांनीं गांवोगांव हिंडून तें केलें. जितवारपुरच्या जगदंबा देवी यांस १९७५ सालीं आणि सीता देवी यांस १९८१ सालीं पद्मश्री मिळाली. याच कुलकर्ण्यांनीं डहाणूकडील वारली पाड्यांतूनही असेंच काम केलें. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानें लिहिणें हें तेथें सवाशिणींचें काम. पण जिव्या सोमा मशे यांनीं तीच चित्रलिपि रोजच्या रोज कागदावर उतरविली, आणि २०११ सालीं त्यांसही पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. एका मनुष्यानें योग्य वेळीं योग्य दारीं कागद नेऊन दिला, त्याचा हा परिणाम.

अशा वस्तूंसाठीं बिहार-ओरिसापर्यंतच गेलें पाहिजे असेंही नाहीं. २०२१ सालीं सिंधुदुर्गांत चिपी येथें आणि २०२२ सालीं गोव्याच्या सरहद्दींत मोपा येथें विमानतळ उघडले. सावंतवाडी दोहोंपासून मोटारीनें जवळ. तेथील चितारआळींतील रंगीत लाकडी फळें पाहून आमच्या आईनें एकदां खऱ्या पेरवासाठीं सुरी मागितली होती. त्याच गांवची गंजिफा तर आपल्या पूर्वजांचा खेळ. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्कापासून दश्शीपर्यंत दहा, मिळून बारा पानें. एकूण १२० गोल पानें. हा खेळ व ही कला दोन्ही बुडण्याच्या बेतांत असतां १९७० च्या दशकांत शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं वृद्ध चिताऱ्याजवळ बसून ती विद्या घेतली आणि राजवाड्यांतच कारागिरांस काम दिलें. जवळच कुडाळलगत पिंगुळी येथें ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतांतील प्रसंगांच्या सुट्या चित्रांची एक पोथी, ती एकेक चित्र उलटत वाद्यांच्या साथीनें सांगावयाची. परशुराम गंगावणे यांनीं ती परंपरा व कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चिकाटीनें राखला, गोठ्याच्या जागीं संग्रहालय उभें केलें, आणि २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

संग्रह म्हटला कीं श्रीमंतांचा नाद असें कित्येकांस वाटतें. त्यांनीं पुण्यास राजा केळकर संग्रहालय अवश्य पाहावें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. त्यांनीं गांवोगांव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, करंडे, वाद्यें अशा रोजच्या वापरांतल्या वीस हजारांवर वस्तु जमविल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांस साथ होती. अकालीं गेलेल्या आपल्या ‘राजा’ या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें, आणि पुढें तें सर्व धन शासनाच्या, म्हणजे लोकांच्या, स्वाधीन केलें. लोक ज्या वस्तु मोडींत घालीत त्यांत केळकरांस हात दिसत होता. किंमत मागाहून आली.

आतां नेण्याआणण्याविषयीं चार शब्द. अडकित्ता, सुरी, कात्री, कोरण्याचीं हत्यारें हातच्या पिशवींत ठेवूं नयेत. तीं मोठ्या सामानांत द्यावीं. बहुतेक कंपन्या हातच्या सामानास ७ किलोंची मर्यादा घालतात; पितळेची समई त्यांत बसत नाहीं. पट घडी करूं नये; चित्र बाहेरच्या अंगास राहील असा जाड नळीवर गुंडाळून तो हातींच न्यावा. घरीं चौकट करवितांना कांच चित्रास चिकटूं देऊं नये, उन्हाच्या व ओल्या भिंतीवर तें टांगूं नये.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठीं पुढें पश्चात्ताप नको. पुष्कळ घरांतील मुलें आज अमेरिकेंत आहेत; देवघरांतील जुनी मूर्ति किंवा पणजोबांच्या हातची पोथी त्यांच्याकडे पाठवावी असें आईबापांच्या मनांत येतें. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु, व ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलें पंचाहत्तर वर्षांहून जुनें हस्तलिखित, खासगी मनुष्यास देशाबाहेर नेतां येत नाहीं. वस्तूच्या वयाविषयीं शंका असल्यास पुरातत्त्व खात्याकडे दाखवून तसा दाखला घ्यावा. पोथी येथेंच राहूं द्यावी आणि तिच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र मुलास पाठवावें. वाचणाऱ्यास तेवढें पुरतें.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. कोणतीही हातची वस्तु घेतली कीं ती करणाऱ्याचें नांव, गांव आणि तारीख त्याच्याच हातानें मागें लिहवून घ्यावी. वस्तु देतांना नातवंडास तें वाचून दाखवावें. आमच्या माजघरांतील पटाच्या पाठीस हें सर्व ओडिया अक्षरांत लिहिलेलें आहे, आणि त्याखालीं आम्हीं देवनागरींत ‘अठरा दिवस’ एवढे दोन शब्द घातले आहेत. चित्र पाहून जे किंमत विचारतात त्यांस आम्ही पाठ दाखवितों. सांगलीच्या भगिनींनीं यात्रा करून यावें, खुर्ची मागण्यास लाजूं नये, आणि आपल्या सुपाऱ्यांमागें कोणाचें नांव आलें तें आम्हांस अवश्य कळवावें.